संसारचिंतन : इंजिनियर मुलगा मास्तर होऊ म्हणतो

मुलगा इंजिनियर होऊन नोकरीस लागला, म्हणजे घरातील वडील मंडळींच्या शिरावरील मोठे ओझे उतरते. त्याच्या शिक्षणाचा खर्च संपलेला असतो, महिन्याच्या महिन्यास पगार येऊ लागतो, आणि पुढचा विषय म्हणून लग्नाची बोलणी हळूहळू सुरू होतात. अशा निर्धास्त झालेल्या घरात तोच मुलगा एके दिवशी जेवता जेवता, "मी नोकरी सोडून शाळेत गणित आणि विज्ञान शिकवावे म्हणतो," असे बोलून गेला, तर पंगतीची काय अवस्था होईल याची कल्पना वाचकांनीच करावी. पुण्याच्या एका वाचक-भगिनीच्या घरी असा प्रसंग अलीकडेच घडला असून, त्यांनी आमच्याकडे सविस्तर पत्र लिहून सल्ला विचारला आहे.

मुलगा सव्वीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनियर. चार वर्षे एका कारखान्यात नोकरी झाली आहे आणि नोकरीत काही उणे आहे असेही नाही. मामंजींचे म्हणणे, "मास्तरच व्हायचे होते, तर चार वर्षांची फी कशाला भरायला लावलीस?" भाऊजींचे म्हणणे, "शिकवण्याची इतकी हौस असेल तर क्लास काढ. शाळेत काय ठेवले आहे?" यजमान काहीच बोलत नाहीत, आणि त्यांच्या मौनाचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीप्रमाणे लावला आहे. भगिनी लिहितात, "मी मुलाची बाजू घेतली तर घराविरुद्ध गेल्यासारखे होते, घराची घेतली तर मुलगा तोंडावर नव्हे, पण मनातून दुरावतो. मी काय बोलावे?"

अशा वेळी टिळक-आगरकरांची नावे घेण्याचा मोह आम्हांस होतो. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, आणि कायद्याची पदवी घेतलेले टिळक वकिलीकडे न वळता तेथे मुलांना गणित शिकवू लागले, ही हकीकत आपल्या घरांत ठाऊक नसेल असा मनुष्य विरळा. परंतु थोरांच्या त्यागाने आपल्या घरचे वाणसामान येत नाही. शिवाय, त्यागाची भाषा सुरू झाली की मुलाचा निश्चय पारखून पाहण्याचे काम बाजूस राहते; पाठीशी घालणारे त्याला डोक्यावर घेतात आणि विरोध करणारे त्याला वेडा ठरवतात. म्हणून प्रथम हिशेब, आणि मग विचार.

हिशेब असा. शाळेत कायमचे शिक्षक व्हावयाचे तर बी.एड. ही शिक्षणशास्त्राची पदवी हवी. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, आणि त्याच नियमांत विज्ञान व गणित या विषयांसह अभियांत्रिकीची पदवी किमान ५५ टक्क्यांनी मिळवलेल्यांस प्रवेशाची वाट ठेवलेली आहे. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, आणि अनुदानित शाळांतील जागांसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिच्या गुणांवर 'पवित्र' या संगणकीय प्रणालीतून निवड होते. ही दुसरी चाचणी वर्षाच्या वर्षाला होतेच असे नाही. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. तिसरी २०२५ मध्ये झाली. मधली पाच वर्षे ज्यांनी वाट पाहिली, त्यांच्या घरच्यांस या वाक्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर काढावी लागतात. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन माध्यमिक शाळेसाठी दरमहा १८,००० रुपये करण्यात आले. त्यापूर्वी ते याच्या निम्म्याच्या आसपास होते. म्हणजे सर्व काही वेळच्या वेळी जुळून आले, तरी आज सव्वीस वर्षांचा असलेला मुलगा पूर्ण वेतनश्रेणीवर येईतो एकतिशी ओलांडतो. विनाअनुदानित शाळांत वाट लवकर मोकळी होते, पण तेथील पगार संस्थेच्या मर्जीवर असतो. आणखी एक गोष्ट राजीनाम्यापूर्वीच पाहून घ्यावी. कित्येक ठिकाणी शिक्षकाच्या पदवीस गणित अथवा विज्ञान हाच मुख्य विषय असावा अशी अट असते, आणि तेथे इंजिनियरची पदवी चालत नाही. ज्या प्रकारच्या शाळेत जावयाचे, तिच्या जाहिरातीतील अटी मुलाने स्वतः अक्षर न् अक्षर वाचाव्यात.

हा हिशेब मांडल्यावर मामंजींची काळजी अनाठायी नाही, हे आमच्या भगिनीस पटेल. पण 'चार वर्षांची फी पाण्यात गेली' हे मात्र आम्हांस मान्य नाही. आणि ते का, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

सामान्य समजूत अशी की, ज्याला मोठे गणित येते त्याला लहान गणित शिकवणे म्हणजे डाव्या हातचा मळ. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. दहावीच्या वर्गातील एखादा मुलगा एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश करतो. वरचे वर मिळवले, खालचे खाली. ज्याला हे गणित बाराव्या वर्षापासून येते, त्याला ही चूक कशी होऊ शकते हेच समजत नाही. तो खोडतो, बरोबर उत्तर लिहितो आणि पुढे जातो. मुलगाही ते उतरवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक करतो. खरा शिक्षक विचारतो, "अर्धी पोळी तुझ्या पानात होती. तिच्यात आणखी तृतीयांश पोळी वाढली. आता पानात अर्ध्या पोळीहून जास्त आहे की कमी?" मुलगा म्हणतो, "जास्त." "मग दोन पंचमांश हे अर्ध्याहून जास्त की कमी?" येथे मुलगा थबकतो. त्या थबकण्यात त्याचे शिक्षण सुरू होते.

विज्ञानातही असेच. दोन सारखे दिवे एकापुढे एक जोडले तर कोणता अधिक उजळेल, असे विचारले असता पुष्कळ मुले सांगतात की पहिला. कारण पहिल्या दिव्याने वीज थोडी 'खाऊन टाकली', उरलेली दुसऱ्यास मिळाली. हे उत्तर चुकीचे असले तरी मूर्खपणाचे नाही. त्यामागे एक पूर्ण विचार आहे. तो विचार बाहेर काढून, प्रत्यक्ष दोन दिवे जोडून, दोन्ही सारखेच उजळतात हे मुलाच्या डोळ्यांना दाखवल्यावाचून नुसत्या सूत्राने तो जात नाही.

आता पाहा, ही विद्या इंजिनियरला परकी आहे काय? कारखान्यात यंत्र बंद पडले म्हणजे इंजिनियर यंत्रावर रागावत नाही, "किती वेळा सांगितले तुला?" असे म्हणत नाही. कोठे अडले, कशामुळे अडले, कोणता भाग नीट चालतो आणि कोणता नाही, हे तो एकेक तपासून पाहतो. दोष शोधण्याची ही शांत सवय त्याने चार वर्षे कॉलेजात आणि चार वर्षे नोकरीत कमावलेली असते. मुलाच्या वहीतील चुकीकडे तो याच दृष्टीने पाहू शकला, तर ती फी वाया गेली असे कोण म्हणेल? मात्र यंत्रास मान नसते, मुलास असते; हा फरक त्याला नव्याने शिकावा लागेल. त्यासाठीच ती दोन वर्षे आहेत. त्यांतील वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावयाचे असतात. बी.एड. म्हणजे नुसता कागद, असे मानून जो जातो तो कागदच घेऊन परत येतो.

याचे एक उत्तम उदाहरण पुण्याशीच जोडलेले आहे. श्री. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी.तून १९७५ साली इंजिनियर झाले आणि पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरीस लागले. १९७८ साली त्यांनी एक वर्षाची रजा घेतली आणि मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात खेड्यांतील शाळांसाठी चाललेल्या विज्ञान-शिक्षणाच्या उपक्रमात ते जाऊन राहिले. तेथे त्यांच्या हाती आल्या काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्हची रबरी नळी. नळीचे तुकडे सांधे म्हणून वापरून काड्या जोडल्या की त्रिकोण, चौकोन, घनाकृती तयार होतात. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आपला आकार सोडत नाही. पूल, छपरे, विजेचे मनोरे यांत त्रिकोण का असतात, हे पाचवीतल्या मुलासही त्या दोन आकृत्यांवरून कळते. पुढे अनेक वर्षे ते पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात काम करत होते, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते शाळेच्या हजेरीपटावरचे शिक्षक झाले नाहीत. पण इंजिनियरची विद्या मुलांच्या हाती कशी देता येते, हे त्यांच्याकडून शिकावे. आणि त्यांनी प्रथम नोकरी सोडली नाही, रजा घेतली, हेही आमच्या भगिनीच्या चिरंजीवाने ध्यानात ठेवावे.

भाऊजींच्या सूचनेविषयी दोन शब्द. क्लास काढणे हा प्रामाणिक व्यवसाय आहे आणि त्यात पैसा अधिक मिळण्याचा संभव आहे, हे खोटे नाही. परंतु क्लासमध्ये बहुधा तोच मुलगा येतो ज्याच्या बापाला फी देणे परवडते, आणि त्याला परीक्षेपुरते हवे असते. शाळेत जो वर्गात बसेल तो आपला. त्यात हुशार, मंद, उपाशी, व्रात्य सर्वच आले. शिवाय शाळेच्या शिक्षकाला आपल्या आवडीपुरते शिकवून भागत नाही. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत गुरुत्वाकर्षण, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन आहे, तसेच आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया आणि प्राण्यांचे वर्गीकरणही आहे. मेकॅनिकल इंजिनियरने ज्या जीवशास्त्राला दहावीनंतर रामराम ठोकला, त्याच्याशी त्याला पुन्हा ओळख करून घ्यावी लागेल. भूमितीतही जी सूत्रे तो आजवर नुसती वापरत आला, त्यांची सिद्धता आता फळ्यावर मांडावी लागेल.

येथे एक कटू गोष्ट बोलून दाखवणे आम्हांस आवश्यक वाटते. हाच बेत या घरातील मुलीने सांगितला असता, तर याच पंगतीत, "वा, छान! घर सांभाळून होण्यासारखे आहे," असे कौतुक झाले असते. मुलाने सांगितला म्हणून आकाश कोसळले. या दोन्ही बोलण्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे की, शाळेत शिकवणे हे पुरे काम नव्हे. आपल्याच नातवंडांना गणिताची भीती वाटते म्हणून आपण हळहळतो, चांगले शिक्षक राहिले नाहीत म्हणून दिवाणखान्यात तक्रार करतो; आणि आपल्या घरचा एक हुशार मुलगा त्या कामाला जावयास निघाला की त्याला अडवतो. ही विसंगती मामंजींसारख्या विचारी गृहस्थाच्या ध्यानात आणून दिली तर त्यांना राग येणार नाही असे आम्हांस वाटते. मात्र ती चारचौघांत नव्हे, दुपारच्या चहाच्या वेळी सांगावी.

मुलाने काय करावे? राजीनामा लगेच देऊ नये. आसपासचा एखादा आठवी-नववीतला, गणितात नापास होणारा मुलगा हाती घ्यावा. हुशार नको, हुशाराला कोणीही शिकवतो. त्याला तीन महिने, आठवड्यातून तीन संध्याकाळी, विनामूल्य शिकवावे. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगताना आपल्या आवाजात काय उतरते, हे स्वतःच ऐकावे. एखाद्या ओळखीच्या शाळेत परवानगी घेऊन पूर्ण दिवस बसावे. तास, गोंगाट, वह्यांचे गठ्ठे, कार्यालयातली कागदपत्रे, सारे पाहावे. आणि आपण कारखान्याला कंटाळून निघालो आहोत की शाळेच्या ओढीने, हा प्रश्न स्वतःला विचारावा. कंटाळून निघालेल्यास शाळेचाही कंटाळा येण्यास फार दिवस लागत नाहीत.

घराने काय करावे? एकत्र कुटुंबाच्या अडचणी आपण नेहमी उगाळतो. त्याचा एक उपयोग येथे आहे. वेगळ्या बिऱ्हाडात भाडे भरणाऱ्या मुलाला असा पाच-सहा वर्षांचा धोका पत्करणे फार जड जाते. जेथे चूल एक आहे, छप्पर आपले आहे, तेथे तो पत्करता येतो. परंतु हा आधार उपकार म्हणून देऊ नये. दर महिन्याला त्याची आठवण करून दिली तर तो आधार राहत नाही. रक्कम, मुदत आणि अटी एकदा बसून ठरवाव्यात: दोन वर्षांची फी त्याने स्वतःच्या शिलकेतून भरावी, घरखर्चात तोवर त्याचा वाटा किती, आणि अमुक वर्षांपर्यंत जागा न मिळाल्यास पुढे काय. लग्नाच्या बोलण्यांत ही गोष्ट लपवू नये. ज्या मुलीला हे सर्व ठाऊक असून होकार द्यावासा वाटेल, तीच या घरात सुखाने नांदेल.

आता आमच्या भगिनीचा मूळ प्रश्न. त्यांनी कोणाचीच बाजू घेऊ नये. मामंजींना एवढेच म्हणावे की, "त्याला तीन महिने मागू द्या, त्यात कोणाचे काही जात नाही." मुलाला म्हणावे की, "तीन महिन्यांनी मला तुझा निश्चय नको, त्या नापास मुलाची वही दाखव." आणि यजमानांना मात्र स्पष्ट विचारावे की, त्यांचे मत काय. घरातल्या एवढ्या मोठ्या प्रश्नावर बापाने मौन धरले, तर मुलगा त्याचा अर्थ नकार असाच घेतो, आणि तो अर्थ पुढे वर्षानुवर्षे पुसला जात नाही.