वुजूची जागा पाहून घर बांधा

शेजारच्या खालांच्या मुलाने बारा वर्षे आखातात कष्ट करून गावी दुमजली घर बांधले. चकचकीत फरशी, दर्शनी खांब आणि अम्मीसाठी माडीवर हवेशीर खोली. कुरआनखानीला आलेल्या सर्वांनी कौतुक केले, मीही केले. खालांचे गुडघे तेव्हाही दुखत होते, पण ते कुणाच्या ध्यानात आले नाही.

गेल्या रमजानात खाला हळूच म्हणाल्या, "बेटी, इफ्तारनंतर मी पाणी घोटभरच पिते. रात्री उठावं लागलं तर त्या संडासात बसवत नाही, बसलं तर उठवत नाही." दिवसभराचा रोजा आणि वर ही तहान! मुलाने पैशात कसूर केली नव्हती. फक्त अम्मीला विचारायचे राहून गेले होते.

सूरह बनी इस्राईलच्या 23व्या आयतीत आईवडिलांच्या म्हातारपणाचा उल्लेख आहे, आणि तेही मुलापाशी राहत असताना. मग ज्या घरात ते म्हातारपण जायचे, त्याचा नकाशाही त्यांना विचारूनच व्हायला हवा.

भगिनींनो, घर बांधताना गवंड्याला एवढे नक्की सांगा. वडीलधाऱ्यांची खोली तळमजल्यावर आणि संडास-न्हाणी तिला लागून. दार मोकळे तीन फूट रुंद आणि बाहेर उघडणारे, म्हणजे कुणी आत पडले तरी दार अडणार नाही. उंबरठा नको, फरशी खडबडीत हवी. कमोडची बैठक जमिनीपासून दीड फूट उंच असावी आणि शेजारच्या पक्क्या भिंतीत धरायला दांडा बसवावा. टॉवेलच्या दांडीला माणसाचा भार पेलत नाही. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, म्हणून कमोडचे तोंड उत्तर किंवा दक्षिणेकडे ठेवायला आधीच सांगा.

बेसिनमध्ये पाय उचलून धुताना तोल जातो. म्हणून वुजूसाठी दीड फूट उंचीचा पक्का ओटा, समोर नळ आणि पायांखाली निचरा ठेवा. कोकणात पावसामुळे जोते उंच घेतात. तिथे पायऱ्यांना कठडा लावाच. जागा असेल तर उतारही करा, मात्र एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा. त्याहून उभ्या उतारावर चाकाची खुर्ची ढकलणे अवघड आणि धोक्याचे.

घर बांधून झाले असेल तरी दांडा, कमोड आणि रात्रीचा दिवा आजही बसवता येतो.

खालांचा मुलगा यंदा रजेवर आला आणि त्याने बैठकीमागची खोली अम्मीला करून दिली. आता फजरला त्या स्वतःच्या पायांनी वुजूला जातात. उशाशी पाण्याचा तांब्या असतो, आणि सकाळी तो रिकामा असतो, अलहम्दुलिल्लाह.

आज इशानंतर आपल्या अम्मी-अब्बांना एवढेच विचारा: या घरात तुम्हाला भीती कुठे वाटते?