दाढ आणि उतारा



चर्चच्या जमिनीचा उतारा काढायचा होता, त्याच आठवड्यात आमची दाढ दुखू लागली. कचेरीत तीन खेपा झाल्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर बंद. तिसऱ्यांदा दोन्ही जाग्यावर होते, पण आमचा गाल इतका सुजलेला की आम्ही काय मागतो तेच साहेबांना कळेना!

कचेरीला नावे ठेवावीत, तर दाढेला आम्हीही ‘उद्या बघू’च म्हणत होतो. लवंगेच्या तेलाने ठणका कमी झाला, कीड थांबली नाही. शेवटी दाढ काढावी लागली.

संत अपोलोनिया दातदुखीच्या कैवारी. सन २४९ मध्ये अलेक्झांड्रियात छळ करणाऱ्यांनी त्यांचे दात पाडले. ९ फेब्रुवारीला त्यांचा सण. त्यांची मध्यस्थी मागा आणि डॉक्टरकडेही जा.

आणखी एक. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ साली बंदी झाली, पण घरच्या तव्याला बंदी कोण घालणार? मायबहिणींनो, ती सोडा. तोंडातली जखम वा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दाखवून घ्या.

जमिनीचा उतारा उशिरा मिळाला तरी चालतो. दुखण्यावरचा उतारा वेळेतच घ्यावा लागतो.