अळ्यांचा भाग पोळ्यावरच राहू द्या

मध काढणारा माणूस पुष्कळदा सबंध पोळे कापतो, मध पिळून घेतो आणि अंडी-अळ्यांचा भाग फेकून देतो. त्याचा काय उपयोग, असे त्याला वाटते. आमचे मत नेमके उलट आहे. शेतीच्या दृष्टीने पोळ्याचा हाच भाग मोलाचा होय. असे का, ते पाहा.

वाढत्या जिवाला प्रथिने लागतात. मधमाशीच्या वसाहतीला ती परागातून मिळतात. पण अळी आपल्या कप्प्यातून हलू शकत नाही. मग पराग हवा आहे, हे कामकरी माशांना कळते कसे?

अळीच्या अंगावर काही पदार्थ असतात. १९९० साली फ्रान्समधील ईव्ह ल काँत व त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय मधमाशीत असे दहा पदार्थ ओळखले. पामिटिक, स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक व लिनोलेनिक या पाच मेदाम्लांची ती मिथिल व इथिल एस्टरे होती. मेदाम्ल व मिथेनॉल यांचा संयोग होऊन पाण्याचा रेणू बाहेर पडला, की मिथिल एस्टर तयार होते. करंजाच्या तेलापासून बायोडिझेल करतात, तेही याच जातीच्या पदार्थांचे!

येथे कोणी चौकस विद्यार्थी विचारील, "अर्क काढताना मिथेनॉल वापरले, तर ही एस्टरे चंचुपात्रातच तयार झाली नसतील कशावरून?" शंका अगदी रास्त आहे. रसायनशास्त्रज्ञही ती घेतात. परंतु १९९८ साली अमेरिकेत तान्या पँकिव व त्यांच्या सहकाऱ्यांनी अळ्यांचा अर्क हेक्झेनमध्ये काढला. हेक्झेनपासून मिथिल एस्टर बनत नाही. तो अर्क वसाहतीत ठेवताच पराग आणणाऱ्या माशा वाढल्या. पुढे शुद्ध एस्टरांच्या मिश्रणानेही तोच परिणाम दिसला. म्हणजे हा अळ्यांचाच निरोप होता.

आता अहिल्यानगर जिल्ह्याकडे वळू. येथे कांद्याचे पीक मोठे. कांद्याच्या फुलातील पराग आधी गळतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर पक्व होतो. त्यामुळे बी धरण्यासाठी एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारे कोणी तरी लागते. हे काम मधमाशा उत्तम करतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने कांद्याचे कितीही चांगले वाण दिले, तरी गोंड्यांवर माशा फिरकल्या नाहीत तर बी भरणार कसे? आपल्या सातेरी व आग्या माशांच्या अळ्याही परागावरच पोसतात. अळ्या गेल्या, की परागाची निकडही गेली.

"सबंध पोळे पिळले तर चार पैसे जास्त मिळतात," असे कोणी म्हणेल. गरिबाच्या कमाईचा प्रश्न खराच आहे. पण अळ्यांचा रस मिसळलेला मध लवकर आंबतो. शिवाय आग्या माशा मध बहुतेक पोळ्याच्या वरच्या एका कोपऱ्यात साठवतात. जाणकाराने तेवढाच भाग कापला, तर माशा टिकून राहण्याची व पुन्हा मध मिळण्याची आशा असते.

मित्रांनो, तुम्ही स्वतः पोळ्याजवळ जाऊ नका. आग्या माशांचा दंश जिवावर बेतू शकतो. मात्र गावात मध काढायला कोणी आले, तर घरातील मोठ्या माणसांमार्फत एवढे अवश्य सांगा: मध न्या, अळ्या राहू द्या.