दुसरे प्रकरण

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधातले ‘संबंधित साहित्याचा आढावा’ हे प्रकरण बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघते. आधी परदेशातील संशोधने, मग देशातील. प्रत्येकाची उद्दिष्टे, नमुना, निष्कर्ष. आणि शेवटी ठरलेले वाक्य, की प्रस्तुत विषयावर यापूर्वी संशोधन झालेले नाही. साच्याच्या समर्थकांचे म्हणणे असे, की खरे काम प्रश्नावली भरून घेताना सुरू होते. दिवसभर ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर शाळा चालवून संध्याकाळी आसनगाव स्थानकावर लोकलची वाट पाहणाऱ्या शिक्षकाकडून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

वेळ नसतो, इंग्रजी शोधनिबंध अनेकांना जड जातात, हे खरेच. पण म्हणून आढावा उरकावा, हे पटण्यासारखे नाही.

दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी आदिवासी मुलांचा विषय घ्या. या भागातल्या शिक्षकाला तो हजेरीपटावरच दिसतो. साच्यातला आढावा शीर्षकात ‘गळती’ असलेले प्रबंध गोळा करतो. त्यांतली ‘पालकांची उदासीनता’ नव्या प्रश्नावलीत पर्याय म्हणून येते आणि निष्कर्षातही तीच उतरते. पालकांवर ठपका बसतो, पुरावा मात्र कुठेच नसतो.

नीट वाचणारा 1929 च्या, ब्रिटिश काळातल्या हार्टॉग शिक्षण समितीपर्यंत जातो. गळती आणि स्थगिती (मूल एकाच वर्गात अडकून पडणे) हे मुद्दे ठळकपणे मांडून तिने सल्ला दिला, की विस्तार आवरा, आहेत त्या शाळा सुधारा. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची वाट नेमकी उलटी होती. 1945 मध्ये बोर्डीला सुरू झालेले आणि 1957 मध्ये कोसबाडला गेलेले त्यांचे काम तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलेच. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा निघाली. पुढे 1990 च्या दशकात विधायक संसद या संस्थेने याच जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ नावाच्या तात्पुरत्या शाळा चालवल्या. शाळेनेच मुलापर्यंत जायचे, हा विचार असा जिल्ह्याच्या मातीत दोनदा करून पाहिला गेला आहे.

हे वाचल्यावर प्रश्नावलीच बदलते. मूल हंगामी वसतिगृहात राहिले का? भट्टीजवळच्या शाळेत बसले का? पावसाळ्यात परतल्यावर त्याला कोणत्या वर्गात बसवले? म्हणून आढावा आधी हवा. डेव्हिड बूट आणि पेनी बाइली यांनी 2005 मध्ये अमेरिकेतल्या शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांबद्दल हीच तक्रार केली होती: आधीचे ज्ञान समजून घेतल्याशिवाय चांगले संशोधन होत नाही. दुखणे केवळ आपल्याकडचे नाही.

राहिला साधनांचा प्रश्न. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात मोबाइलवरही उघडतात. आदिवासी समाजावरचे साहित्य पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत आहे. पन्नास गोषवारे उतरवण्यापेक्षा एकमेकांशी न पटणारी आठ संशोधने वाचून त्यांचा वाद मांडणे नोकरदार शिक्षकाला झेपणारे आहे. मार्गदर्शकांनी पानांची संख्या मोजणे सोडून तोंडी परीक्षेत याच वादाबद्दल विचारावे.

एम.एड.चे लघुशोधप्रबंध मात्र महाविद्यालयाच्या कपाटात पडून राहतात, आणि ‘यापूर्वी संशोधन झालेले नाही’ या वाक्याला तिथूनच बळ मिळते. ज्या तालुक्यातल्या मुलांवर प्रबंध लिहिला, तिथल्या गटसाधन केंद्रात त्याची एक प्रत देणे विद्यापीठांनी सक्तीचे करावे.