मोरी आतली, मोरी बाहेरची

आमच्या घरात 'मोरी' हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. सासूबाईंची मोरी म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली, भांडी घासायची. माझी धाकटी जाऊ धारवाडची, तिची मोरी म्हणजे रस्त्याकडेचं गटार. त्यामुळे गेल्या वर्षी मार्चमध्ये सासूबाई म्हणाल्या, "मोरीचा घाण वास येतोय गं," तेव्हा मी स्वयंपाकघरात धावले आणि जाऊ फाटकाबाहेर. दोघींनाही काही सापडलं नाही. दोघीही हसत परत आलो आणि विषय तिथंच राहिला.

वास मात्र राहिला. सकाळी थोडा कमी, दुपारी उन्हं चढली की जास्त, आणि नेमका सासूबाईंच्या खोलीच्या आसपास. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्यांनी दगा दिल्यावर आम्ही त्यांच्या खोलीलाच लागून बाथरूम बांधून घेतली. कमोड, बेसिन, चकचकीत टाइल्स, सगळं हौसेनं केलं. पण त्या गुळगुळीत फरशीवर एकदा त्यांचा पाय घसरला, पडता पडता वाचल्या. तेव्हापासून आंघोळीला त्या जुन्या न्हाणीतच जातात. तिथली शहाबादी फरशी पायाला धरते म्हणतात. नव्या बाथरूममधला कमोड आणि बेसिन तेवढं वापरात. फरशीवर पाणी पडू द्यायचं नाही असा आमचाच नियम, कामवाली ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्या बाथरूममध्ये सासूबाई जाऊन आल्या की वास हमखास वाढायचा. मग घरात प्रत्येकानं मनातल्या मनात जो हिशेब करायचा तो केला. म्हातारं माणूस, होत असेल कपड्यांत काहीतरी. तोंडानं कुणी बोललं नाही. जाऊ त्यांची चादर रोज बदलू लागली. दिरांनी सुगंधी फवाऱ्याचा डबा आणला. मी संध्याकाळी त्यांच्या खोलीत दोन उदबत्त्या लावू लागले. मुलगा अभ्यासाला आजीच्या खोलीत बसायचा, तो माडीवर जाऊन बसायला लागला. सासूबाईही काही बोलल्या नाहीत. फक्त स्वतःची लुगडी दिवसातून दोनदा बदलू लागल्या.

एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी तपासलं. लघवीला जळजळ होती, अंगातलं पाणी कमी झालं होतं. "आजी, पाणी किती पिता?" या प्रश्नाला त्यांनी डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे बघून उत्तर दिलं. म्हणाल्या, "संध्याकाळनंतर पीतच नाही. प्यायलं की जावं लागतं, गेलं की वास येतो, वास आला की उदबत्ती येते."

वीस वर्षं मी मुलांना मराठी शिकवते. त्या वाक्यापुढे मला एक शब्द सुचला नाही.

दुसऱ्याच दिवशी जाऊनं मेस्त्रींना बोलावलं. आमच्या भागातले जुने नळकाम करणारे, साठी उलटलेली. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीसुद्धा नाही. बाथरूमच्या कोपऱ्यातल्या जाळीजवळ उकिडवे बसले आणि सासूबाईंच्या देवापुढली एक उदबत्ती मागितली. जाळीच्या वर वीतभर धरली. बाथरूमचं दार-खिडकी बंद होती, वारा नव्हता, तरी धूर जाळीवरून बाजूला ढकलला जात होता. मग मला कमोडचा फ्लश ओढायला सांगितला. त्याबरोबर जाळीतून असा भपका आला की मी तोंडाला पदर लावला. मेस्त्री शांतपणे जाऊकडे वळून म्हणाले, "मदला नीर हाक्री, आम्याल नोडूण." आधी पाणी ओता, मग बघू.

दोन बादल्या पाणी त्या जाळीत ओतलं. पुन्हा उदबत्ती धरली, धूर सरळ वर गेला. मेस्त्री सासूबाईंच्या पलंगाजवळ जाऊन आपल्या मिश्र भाषेत म्हणाले, "अज्जी, तुमचं कायबी न्हाई. ह्यो पायपाचा वास हाय." सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, एवढंच.

वाचकहो, प्रकार इतका साधा होता. न्हाणीच्या जाळीखाली, बेसिनखाली, सिंकखाली नळी वाकवून एक खोलगट भाग केलेला असतो. त्याला ट्रॅप म्हणतात. त्या बाकात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहतं आणि तेच पाणी बुचाचं काम करतं. वरून सांडपाणी जातं, खालून वायू येऊ शकत नाही. कमोडच्या भांड्यात कायम पाणी दिसतं तेही याचसाठी. ही युक्ती अडीचशे वर्षांपूर्वीची. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या गृहस्थांनी इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या नळीचं पेटंट घेतलं. गृहस्थ लंडनमध्ये घड्याळं बनवायचे! एवढ्या शोधाला लागतं काय, तर तांब्याभर पाणी. पण ते पाणी उडून जातं. जी जाळी आठवडेच्या आठवडे कोरडी राहते, तिचं बूच आपोआप निघतं. आपल्याकडे होळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा तर लवकरच. आम्ही सासूबाई पडू नयेत म्हणून फरशी कोरडी ठेवली आणि ट्रॅपही कोरडा करून बसलो. फ्लश ओढला की नळीतली हवा पुढं ढकलली जाते, ती कोरड्या जाळीतून वर येत होती. म्हणून सासूबाई जाऊन आल्या की वास.

जुन्या घरात हा प्रश्न नव्हता, कारण नळीच नव्हती. मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून परसात जायचं आणि तिथं अळू, कर्दळ, केळ माजलेली असायची. यूजीडी आली, घरं बंद झाली, संडास खोलीत आले आणि घर जमिनीखालच्या नळीला कायमचं जोडलं गेलं. आतली मोरी आणि बाहेरची मोरी एकच झाली. मराठी आणि कन्नड दोन्ही अर्थ बरोबर!

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा वास. या वेळी जाऊला एक गोष्ट ध्यानात आली होती. फ्लश ओढला की कोपऱ्यातली जाळी गुडगुडते. मेस्त्रींनी हे ऐकल्यावर थेट गच्ची गाठली. मैल्याच्या नळीला जोडलेली एक उभी नळी गच्चीच्या वर उघडी सोडलेली असते. वायू तिच्यातून वर जातो आणि फ्लशबरोबर पाणी वेगानं खाली गेलं की तिच्यातूनच हवा आत येते. ती बंद असेल तर हवेची ओढ शेजारच्या ट्रॅपवर पडते आणि त्यातलं पाणी घोटाघोटानं शोषलं जातं. आमच्या त्या नळीच्या तोंडावर रंगाचा रिकामा डबा उपडा घालून तारेनं आवळलेला होता. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून. कुणी? आमच्या ह्यांनी. दोन पावसाळ्यांमागं. डबा काढून जाळीची टोपी बसवली. कित्येक घरांत त्या नळीत पाखरांची घरटी सापडतात, असं मेस्त्री म्हणाले.

तुमच्या घरात असा वास असेल तर आधी तो कुठून येतो ते पाहा. यात एक अडचण अशी की आपलं नाक फितूर असतं. एकाच वासात दहा मिनिटं बसलं की तो जाणवेनासा होतो. म्हणून बाहेर फिरून या, किंवा शेजारणीला बोलवा. रात्री झोपताना प्रत्येक जाळीवर प्लॅस्टिकचा कागद घालून कडेनं ओलं फडकं दाबून ठेवा, दारं लावून घ्या. सकाळी एकेक करून उघडा, भपका जिथं येईल ती जाळी दोषी. वासातही फरक असतो. सडक्या अंड्यासारखा असेल तर तो खालच्या नळीतला वायू. कुबट, ओशट असेल तर बहुधा ट्रॅपच्या वरच्या भागात केस, साबण आणि तेलकटपणाचा थर साठलाय. त्याला ब्रश घालून खरवडणं आणि गरम पाणी हाच उपाय. उकळतं पाणी मात्र प्लॅस्टिकच्या नळीत ओतू नका.

पूर्वी इंग्लंड-अमेरिकेतले नळकाम करणारे एक मजेदार परीक्षा घ्यायचे. एकानं गच्चीवर जाऊन नळीत पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी ओतायचं, दुसऱ्यानं घरात हुंगत फिरायचं. पेपरमिंटचा वास जिथं येईल तिथं नळी फुटकी. अट एकच, तेल ओतणाऱ्यानं काम होईस्तोवर घरात यायचं नाही, कारण त्याच्या हातालाच वास!

आमच्या घरची पाहणी करताना मेस्त्रींना आणखी दोन घोळ सापडले. जुन्या न्हाणीतल्या जाळीखाली वाटीसारखा एक भाग उपडा बसवलेला असतो, त्याच्यामुळेच तिथं पाण्याचं बूच तयार होतं. कचरा अडकतो म्हणून कामवालीनं तो काढून खिडकीत ठेवला होता आणि मी त्यात दगडी साबण ठेवत होते! दुसरा घोळ धुण्याच्या मशीनचा. तिची नळी जमिनीतल्या भोकात नुसती खुपसलेली, खाली ट्रॅप नाही, कडेनं दोन बोटं फट. सिंकखालच्या वळ्यावळ्यांच्या नळीचंही पुष्कळ घरांत हेच असतं. फटीला रबरी कडं बसतं, ट्रॅप मात्र बसवूनच घ्यावा लागतो. कमोडच्या बुडाशी सतत ओल दिसत असेल, भांडं किंचित हलत असेल, तर तिथला सांधा गेलाय असं समजा. आणि घराबाहेरच्या चेंबरचं झाकण फुटलेलं असेल तर नुसती फरशी ठेवून भागत नाही, कडा सिमेंटनं नीट बसवाव्या लागतात.

एका गोष्टीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. वास आला की आपण संडासात ॲसिड ओततो, नाही गेला तर वर ब्लीचिंग पावडर टाकतो. हे दोन्ही कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो छातीवर बेततो. उदबत्तीची परीक्षाही घरातल्या जाळीपुरतीच. चेंबर किंवा सेप्टिक टँक उघडून तिथं काडी ओढू नका, त्यात पेट घेणारा मिथेन असतो. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड त्याहून फसवा. थोडा असताना नाकाला झोंबतो, जास्त झाला की वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणून आत उतरलेला माणूस परत येत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही येत नाही. सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गटारात, टाकीत मेलेल्यांच्या घरच्यांना तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली सांगितलं. तेव्हा 'पाचशे जास्त देतो, उतर' म्हणणारे आपल्या घरात कुणी असतील तर त्यांना तिथंच थांबवा. टाकी उपसायला पंपाची गाडी बोलवायची.

मेस्त्रींनी दोन्ही खेपांचे मिळून तीनशे रुपये घेतले. सासूबाईंनी त्यांना बसवून ताक दिलं आणि स्वतःही घेतलं. त्या संध्याकाळी मी उदबत्तीचा पुडा देवघरात परत ठेवला. मुलगा दप्तर घेऊन खाली आला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माफी मागायची म्हणून मी त्यांच्या पलंगावर जाऊन बसले, तर म्हणाल्या, "राहू दे. मलाही वाटत होतं, माझाच म्हणून."

आता शनिवार त्यांनी स्वतःकडे घेतलाय. काठी टेकत घरातल्या सगळ्या जाळ्यांपाशी जातात, मागून नातू तांब्या घेऊन. घर महिनाभर बंद ठेवायचं तर पाण्यावर चमचाभर तेल सोडायचं, म्हणजे पाणी लवकर उडत नाही, हेही त्यांना मेस्त्रींनी शिकवलंय. खायचं तेल खवट होतं, औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन बरं. परवा हुबळीहून नणंदेचा फोन होता. मुलाकडे पुण्याला महिनाभर राहून आली होती, घरात शिरवत नाही म्हणत होती. सासूबाईंनी तिला पुढं बोलूच दिलं नाही.

"नीर हाकलीस काय गं आधी?"