लहान मूल आणि घरातील पियानो

इसवी सन १७५९ मध्ये साल्झबर्ग नगरीतील लिओपोल्ड मोझार्ट या संगीतकाराने आपली कन्या मारिया आन्ना हिच्या शिक्षणासाठी लहान लहान रचनांची एक वही तयार केली. तिचा धाकटा भाऊ वोल्फगांग चौथ्या वर्षी याच वहीतील काही रचना शिकला, आणि पित्याने तशी टिपणे त्या रचनांखाली करून ठेविली. ही हकीकत ऐकून अनेक पालक आपल्या मुलांस तिसऱ्या-चौथ्या वर्षी पियानोपुढे बसवितात. परंतु तिच्यातील महत्त्वाचा भाग त्यांच्या नजरेतून निसटतो. बहीण शिकत असे तेव्हा भाऊ त्याच घरात ते ऐकत असे. तो स्वतःच पट्ट्या चाचपडी व दोन स्वर गोड लागताच हर्षित होई, अशी आठवण बहिणीने पुढे नमूद केली आहे. म्हणजे शिकवणी मागाहून आली. आधी आले ते ऐकणे.

पियानो शिकविल्याने मुलाची बुद्धी वाढते, असा एक समज हल्ली फार पसरला आहे. त्याचे मूळ १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात आहे. त्यातील ३६ जण महाविद्यालयीन विद्यार्थी होते, लहान मुले नव्हेत. त्यांनी पियानो वाजविला नाही, मोझार्टची रचना दहा मिनिटे केवळ ऐकली. आणि जो काही लाभ दिसला तो पाव तासात ओसरला. २००४ साली १४४ सहा वर्षांच्या मुलांवर झालेला प्रयोग अधिक काळजीपूर्वक केलेला होता. वर्षभर संगीत शिकलेल्या मुलांचे बुद्ध्यंक इतरांपेक्षा किंचित अधिक वाढले; मात्र चारचौघांतील वागणूक सुधारली ती नाटक शिकणाऱ्यांची! पुढे २०१३ साली चार वर्षांच्या मुलांविषयी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असा बौद्धिक लाभ स्पष्टपणे आढळला नाही. तेव्हा गणितात गुण मिळावेत म्हणून मुलास पियानोपुढे बसविणे हा हिशेबच चुकीचा होय. संगीतासाठी संगीत शिकवावे, आणि एवढे कारण पालकास अपुरे वाटत असेल तर त्याने मुलाचा तो वेळ अंगणातील खेळास द्यावा.

मुलाच्या हाताकडे तर फारच थोडे पालक लक्ष देतात. पियानोच्या एका सप्तकाची रुंदी सुमारे साडेसोळा सेंटिमीटर असते. चार वर्षांच्या मुलाचा पंजा कसाबसा लगतच्या पाच पांढऱ्या पट्ट्या सुखाने व्यापतो. शिवाय मनगटातील आठ हाडांपैकी काही या वयात अद्याप कूर्चेच्या स्वरूपातच असतात. म्हणून बोटे ताणावयास लावणे, करंगळीस जोर देण्याचा आग्रह धरणे किंवा एकच पाठ पन्नास वेळा घोटून घेणे सर्वथा वर्ज्य मानावे. थोर रचनाकार शूमान याचा उजवा हात ऐन तारुण्यात अधू झाला व वादक होण्याची त्याची उमेद संपली. बोटांना बळ आणण्याच्या त्याच्या यांत्रिक खटाटोपाकडे त्याचा दोष पुष्कळदा दिला जातो. आसन इतके उंच असावे की कोपर पट्ट्यांच्या पातळीवर यावे, आणि पाय लोंबकळू न देता त्यांखाली पाट ठेवावा. ही बाब क्षुल्लक वाटते, पण पाय अधांतरी असलेले मूल खांदे आवळून वाजविते.

प्रारंभ कोठून करावा? काळ्या पट्ट्यांपासून. त्या दोन व तीन अशा जुळणीने मांडलेल्या असतात. सगळ्या जोड्या शोधून काढणे हाच मुलाचा पहिला धडा होय. पियानोत पट्टी दाबली की नमद्याने मढविलेली हातोडी तारेवर आघात करते, आणि पट्टी जितक्या वेगाने दाबावी तितका नाद मोठा होतो. फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास साधलेली ही युक्ती मूल कोणी न सांगताच ताडते. त्यास हत्ती आणि मांजर चालवून दाखवावयास सांगावे, म्हणजे पुरे. बार्टोक याने ‘मिक्रोकॉस्मोस’ या संग्रहाचे पहिले दोन भाग आपला धाकटा मुलगा पेटर यास अर्पण केले. त्यातील आरंभीच्या रचनांत दोन्ही हात एकच चाल वाजवितात. त्या रचना शाळकरी वयासाठी ठीक आहेत. त्यापूर्वी मुलाने जे गाणे तोंडाने म्हटले आहे तेच बोटाने शोधावे. पाच रेघांची स्वरलिपी थांबू शकते. बोलू लागण्यापूर्वी वर्षभर भाषा ऐकणाऱ्या बाळास कोणी मुळाक्षरे दाखवीत नाही, हा जपानी व्हायोलिनवादक सुझुकी यांच्या पद्धतीचा पाया सर्वांत ग्राह्य आहे. त्यांच्या पद्धतीत पालकानेही शिकावयाचे असते, आणि हीच अट पालकांस सर्वांत जड जाते.

कोणताही स्वर ऐकताच ओळखण्याची विद्या मात्र लहानपणीच साधते, हे खरे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात दोन ते सहा वर्षांच्या २४ मुलांस स्वरमेळ ओळखण्याचे शिक्षण दीर्घकाळ देण्यात आले. ते पूर्ण करणाऱ्या २२ जणांस हे ज्ञान प्राप्त झाले. परंतु त्यासाठी घराची प्रयोगशाळा करण्याचे कारण दिसत नाही. भारतीय गायक षड्ज आपल्या गळ्याप्रमाणे ठरवितो व त्याच्या नात्याने बाकीचे स्वर जाणतो. हा संबंध कळणे हेच संगीताचे अधिक मोलाचे अंग आहे.

भारतातील फारच थोड्या घरांत पियानो आहे. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत त्याचे लाकूड फुगते व सूर उतरत-चढत राहतो. तो लावून घेण्याचा खर्च कायमचा असतो. पहिली दोन-तीन वर्षे ६१ पट्ट्यांचे विद्युत्-वाद्य पुरते. फक्त बोटाच्या वेगाप्रमाणे नाद लहानमोठा करणारे ते असावे. आजोबांची पेटी असेल तर तीही उपयोगी पडेल, कारण पट्ट्यांची मांडणी तीच आहे. मात्र तिच्यात एक हात भात्यास गुंततो, आणि नादाचे लहानमोठेपण बोटाऐवजी भात्याच्या दाबाने ठरते. भाता आजोबांनी सांभाळावा व मुलाने दोन्ही हातांनी वाजवावे. दहा मिनिटे झाली, मूल उठू लागले, की त्यास उठू द्यावे आणि झाकण लावू नये.