टोपीखालची कवटी

मेक्सिको देशांत नोव्हेंबर महिन्याच्या १ व २ तारखांस मृतांचा सण पाळितात. घरोघरीं झेंडूच्या फुलांनीं वेदी सजवितात (हा झेंडू मूळचा तेथलाच, आपल्या दसऱ्याच्या तोरणांत तो मागाहून आला), साखरेच्या कवट्या मांडितात व हाडांचे सापळे नटवून मिरवितात. हें ऐकून कित्येकांस शिसारी येते. मृत्यूची अशी थट्टा भक्तिहीनपणाची होय, असेंही कोणी म्हणतात. आमचें मत निराळें आहे, आणि तें होसे ग्वादालुपे पोसादा ह्या चित्रकाराचीं चित्रें पाहून बनलें आहे.

पोसादाचा जन्म १८५२ सालीं आग्वासकालिएन्तेस गांवीं झाला. शिळाछापाची विद्या तो तरुणपणींच शिकला व पुढें लेओन शहरीं एका शाळेंत त्यानें ती शिकविलीही. तेव्हां तो कांहीं काळ आमच्याच पेशाचा होता! १८८८ सालीं लेओनला भयंकर पूर आला. त्यानंतर तो राजधानींत येऊन आंतोनिओ वानेगास आर्रोयो ह्या छापखानदाराकडे चित्रें खोदूं लागला. खून, भूकंप, धूमकेतु, जें जें बाजारांत बोललें जाई तें तो धातूच्या पत्र्यावर उतरवी, आणि हलक्या कागदावर छापून तें कवडीमोलानें विकलें जाई. सणाच्या दिवसांत सापळे निघत: सायकलींवर बसलेले, नाचणारे, मद्य पिणारे. खालीं जिवंत बड्या लोकांचे विनोदी मृत्युलेख पद्यांत असत. ज्यास अक्षरओळख नाहीं त्यासही चित्र समजे. ह्यांत थट्टा मृत्यूची नाहीं, गर्वाची आहे.

त्यांतील एका स्त्रीच्या मस्तकावर पिसांची व फुलांची भली मोठी फ्रेंच तऱ्हेची टोपी आहे, आणि टोपीखालीं नुसती कवटी. तिचें मूळ नांव 'गार्बान्सेरा'. अंगांत देशी रक्त असून युरोपियनांसारखा तोरा मिरविणारांस तें नांव ठेवीत. आपल्या आजीची लाज वाटणाऱ्या माणसास इतका नेमका टोमणा दुसऱ्या कोणीं मारलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. १९४७ सालीं दिएगो रिव्हेरा ह्यानें आपल्या भित्तिचित्रांत तिला सबंध देह दिला व शेजारीं पोसादास उभें केलें. आज 'कात्रिना' ह्या नांवानें ती सणाची राणी झाली आहे. मुलींचे चेहरे तिच्यासारखे रंगवितात, दुकानांत तिच्या बाहुल्या विकतात. टोपी राहिली, टोमणा मात्र हरवत चालला, हें आम्हांस खटकतें.

पोसादा २० जानेवारी १९१३ रोजीं दारिद्र्यांत वारला. त्यास गरिबांच्या फुकट जागेंत पुरलें, आणि कोणी चौकशीस न आल्यामुळें पुढें त्याचीं हाडें सार्वजनिक खड्ड्यांत टाकलीं गेलीं.